चुलीकडे पाठ करून

मला स्वयंपाक एका बाईनं शिकवला आणि शिकवताना तिनं एकदाही चुलीकडे पाहिलं नाही. पाट चुलीकडे पाठ करून मांडायचा, भिंतीकडे तोंड करून बसायचं आणि मागं काय चाललंय ते आवाजावरून, वासावरून ओळखून सांगायचं, ही त्यांची रीत होती.

"कांद्यातलं पाणी अजून गेलं न्हाय, मास्तर. चुरचुर हाय तवर हळद टाकू नका. आवाज बारीक व्हईल, मग टाका."

मी थांबायचो. थोड्या वेळानं खरोखरच आवाज बारीक व्हायचा.

"अशा पाठमोऱ्या का बसता?" असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "बघितलं की बोटं शिवशिवत्यात."

बोटं त्यांना नव्हती. डावा हात मनगटाशीच संपलेला होता. उजव्याला पंजाचा थोडा भाग आणि अंगठा तेवढा राहिला होता, आणि त्या अंगठ्याच्या बुडाशी आकसलेल्या कातडीची एक खाच. त्या खाचेत चमच्याचा दांडा अडकवून त्या स्वतःच्या हातानं जेवायच्या. बाकी सगळं करायला शेजारच्या घरातली लग्न झालेली भाची यायची. दार मात्र त्या कुणाकडून उघडून घेत नसत. पायानं वाजवायच्या आणि पायानंच ढकलायच्या.

गल्ली त्यांना खाला, म्हणजे मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही खालाच म्हणालो. नाव विचारायचं सुचलं नाही आणि पुढं ते विचारण्यासारखं राहिलं नाही.

मी साताऱ्याकडचा. निजामाचं राज्य जाऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, उस्मानाबादकडच्या उर्दू शाळा मराठी झाल्या होत्या आणि मास्तर कमी पडत होते. मला तिथं नेमणूक मिळाली. दर्ग्याच्या मागच्या गल्लीत खालांच्या घराच्या मागल्या दोन खोल्या आम्ही घेतल्या. त्या गल्लीतल्या बऱ्याच दारांना कुलपं होती आणि ती गंजलेली होती. खालांचा भाऊही हैदराबादला निघून गेला होता. घर त्याचं. ते राखायला या मागं राहिल्या होत्या. आमच्या खोल्या आणि त्यांची पुढची खोली यांच्यात एक लहानसं अंगण, त्यात आड आणि कपडे धुवायचा दगड.

माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं. कुसुम वीस वर्षांची होती. आल्यापासून तिला खोकला होता, तो हवापालटाचा असेल असं आम्ही धरून चाललो. दुसऱ्या उन्हाळ्यात रक्त पडलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "क्षय आहे. मिरजेच्या क्षयरुग्णालयात नाव लावतो, पण जागा कधी मिळेल ते सांगता येत नाही. तोवर इंजेक्शनं घ्या आणि खाऊ घाला. यात अन्न हे अर्धं औषध आहे. आणि त्यांना चुलीच्या धुरात बसू देऊ नका."

भांडी घासायला येणारी बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पलीकडची वहिनी वाटीभर आमटी पाठवायची, तीही बंद झाली. खानावळीचा डबा आणला तर त्यातल्या तिखटानं कुसुमला ढास लागायची. मला चहासुद्धा करता येत नव्हता. आईनं कधी स्वयंपाकघरात फिरकू दिलं नव्हतं. एका संध्याकाळी मी मुगाची खिचडी टाकली आणि कुसुमच्या उशाशी जाऊन बसलो. थोड्या वेळानं दारावर लाथ बसली.

"मास्तर, खिचडी बुडाला लागली. हलवू नका. हलवली की सगळी कडू व्हईल. वरची वरची काढून घ्या."

पुढच्या खोलीत बसून त्यांना तो वास आला होता. मी वरची खिचडी काढली. खाण्यासारखी होती. कुसुमनं चार घास खाल्ले.

खाला उंबऱ्याबाहेरच उभ्या होत्या. म्हणाल्या, "उद्यापासनं शिकवते तुमाला. जल्दी नक्को, रोज थोडं. बाटायची भीती बाळगू नका. माझा हात लागायचा न्हाय कशाला. लावायला हाय कुठं?" आणि स्वतःच हसल्या. हसावं की नाही ते आम्हाला कळेना. कुसुमच्या माहेरी मुसलमानाच्या घरचं पाणीही चालत नसे. माझ्या घरीही फार वेगळं नव्हतं.

शाळा सकाळची होती. दुपारी चारला शिकवणी सुरू व्हायची. पहिला आठवडा त्यांनी भांडं चढवूच दिलं नाही. नुसती चूल. बाभळीचं लाकूड कधी, तुरीच्या काड्या कधी, आर, म्हणजे निखारे, मागं कसे ओढायचे, धूर आतल्या खोलीकडे जाऊ नये म्हणून कुठला दरवाजा उघडा ठेवायचा. वर्गात चाळीस पोरांपुढं छडी घेऊन उभा राहणारा मी, तिथं फुंकणी घेऊन उकिडवा बसायचो आणि बोलणी खायचो.

"किती चिंच टाकू?"

"आवळ्याएवढी."

"अंदाजे?"

"अंदाजे न्हाय. आवळ्याएवढी."

'अंदाजे' या शब्दाचा त्यांना राग होता. तुरीची डाळ शिजवून घोटायची, चिंचेचं पाणी घालायचं, वरून लसूण, जिरं, लाल मिरची आणि कढीपत्त्याचा बघार, म्हणजे फोडणी द्यायची. त्यांची खट्टी दाल म्हणजे एवढंच. पण ती डाळ घोटायला मला पंधरा दिवस लागले. एक दिवस त्या वैतागून उठल्या, माझ्या मागं आल्या आणि आपले दोन्ही आखूड हात माझ्या मनगटांवर दाबून धरले. डोळे मिटले. माझ्या हातांनी त्यांनी डाळ घोटली. त्या हातांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. रवीचा आवाज जड झाला तशा थांबल्या, पुन्हा पाटावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसल्या.

लोखंडी उलथणं त्यांच्यासमोर वापरायचं नाही, हा आणखी एक नियम. सगळं ढवळणं लाकडी चाटूनं. एकदा मी विसरून पातेल्याच्या बुडाला लागलेलं उलथण्यानं खरवडायला लागलो, तर त्या पाटावरून अशा उठल्या की पाट उलटला. "ठेवा ते खाली," एवढंच म्हणाल्या आणि अंगणात निघून गेल्या.

गल्लीतून लग्नाची वरात जात असली आणि शोभेची दारू उडत असली की खाला उंबऱ्यावर येऊन बसायच्या. बाण आकाशात फुटला की लोक वर बघायचे. या मान खाली घालून ऐकायच्या आणि नाक वर करून वास घ्यायच्या. "गंधक जास्त झालं," म्हणायच्या, नाहीतर, "कोळसा नीट कुटला न्हाय. शिकाऊ हाय कुणी." मला आधी ती लहर वाटली. मग कळलं की त्या तेरखेड्याच्या. सासरी पिढ्यान्‌पिढ्या दारूकाम. सोरा, गंधक, कोळसा यांची वजनं त्यांना तोंडपाठ होती. "त्या मानानं सैपाक सोपा," असं त्यांनी मला एकदा सांगितलं. "मीठ जास्त पडलं तर माणूस मरत न्हाय, मास्तर."

हातांचं काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, कुसुमला सांगितलं. माझी शाळा असायची तेव्हा त्या तिच्या खोलीत जाऊन बसायच्या. तिथं कुणी येत नव्हतं. मी एकदा सावध केलं, तर म्हणाल्या, "त्या रोगानं माझं काय घ्यायचंय आता?" त्यांनी तिला सांगितलं ते तिनं मला सांगितलं. एका मोठ्या लग्नाचं काम होतं, दिवस थोडे होते. छपरात त्या, नवरा आणि पंधरा वर्षांची लेक, तिघंच. दगडी उखळीत दारू चिकटली होती. ती काढायला लाकडी चाटू असायचा, तो हाताशी नव्हता. उठून आणायला नको म्हणून त्यांनी लोखंडी उलथणं घेतलं आणि खरवडलं. ठिणगी पडली.

"नवरा जागेवर गेला," कुसुम म्हणाली. "आणि म्हणाल्या, लेकही त्याच दिवशी गेली."

त्यानंतर मी उलथणं ट्रंकेत टाकलं.

दिवाळीच्या आधी कुसुमचं वजन थोडं वाढलं. डॉक्टर बरं म्हणाले. मला तेव्हा अंबाड्याची भाजी येत होती, बोकडाच्या पायांचा शोरबा येत होता, मसुराची खिचडी मोकळी व्हायची. त्याच सुमारास सासूबाई आल्या. पत्र न पाठवता, दोन गाड्या बदलून आल्या होत्या. दारात गाठोडं ठेवलं आणि समोर बघत राहिल्या. मी चुलीशी, आणि माझ्यामागं पाटावर भिंतीकडे तोंड करून खाला.

"ह्या कोण?"

"घरमालकीण."

"जात कुठली?"

मी सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. "आणि माझ्या पोरीचं अन्न ह्यांच्या हातचं?"

"नाही, नाही," मी घाईघाईनं म्हणालो. "त्यांचा हात लागत नाही कशाला. बघा ना, त्यांना हातच नाहीत."

मी ते बोटानं दाखवून म्हणालो. खालांनी वळून माझ्याकडे पाहिलं. रागावलेल्या दिसल्या नाहीत. एखादं पातेलं किती भरलंय ते बघावं तसं पाहिलं, उठल्या, आणि दार पायानं ओढून घेऊन गेल्या.

अकरा दिवस त्या आमच्या बाजूला आल्या नाहीत. स्वयंपाक सासूबाई करू लागल्या. त्यांना संधिवात होता, संध्याकाळी उठता येत नसे, तेव्हा मी करायचो. एकदा माझा बघार जळाला. लसणाचा काळा धूर अंगणभर झाला. पुढच्या खोलीत तो पोचला असणारच. मी कान देऊन उभा राहिलो. तिकडून शब्द आला नाही. मी जाऊन काही बोलायला हवं होतं. रोज उद्यावर ढकललं.

कुसुमचं खाणं सुटलं. आईच्या हातचं तिला जात नव्हतं असं नाही. तिला काहीच जात नव्हतं. एका रविवारी मी वह्या तपासत होतो, सासूबाई आडाजवळच्या दगडावर कपडे धूत होत्या. कुसुम उठली. आठवडाभर ती आधाराशिवाय उठली नव्हती. भिंत धरत अंगणात आली, अंगण ओलांडून खालांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली.

"खाला, मला भूक लागलीय."

खाला आत जेवत होत्या. म्हणाल्या, "आई बघतीया तुझी, बेटी."

"बघू दे. मला भरवा."

"मास्तरला बोलाव. मला भरवता येत न्हाय."

"तुमच्या हातानं," कुसुम म्हणाली.

खालांनी भाचीला ताट पुढं ओढायला सांगितलं, दुसरा चमचा आणायला लावला. तो खाचेत अडकवला. पहिला घास सांडला, कुसुमच्या लुगड्यावर डाळीचा डाग पडला. दुसरा तोंडापर्यंत गेला. सासूबाई ओलं कापड हातात धरून उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं आता त्या काही बोलतील. कुसुम जेवत होती आणि आईकडे बघत होती. सात-आठ घास झाले असतील. सासूबाई खाली वाकल्या आणि पुन्हा कपडे आपटायला लागल्या. ते कापड स्वच्छ झाल्यावरही किती तरी वेळ आपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता दारावर पाय वाजला. खाला आल्या, पाट पायानं सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"आज काय हाय?"

मी काही बोलायच्या आत तांदूळ निवडत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "दोडकी आहेत."

"शिरा काढून ठिवा. चटणी व्हईल," खाला म्हणाल्या.

तेवढंच. माझी माफी मागायची राहिली ती राहिलीच.

मार्गशीर्षात एका दुपारी डाळ चुलीवर होती. सासूबाई कुसुमजवळ बसल्या होत्या. मी चिंच कोळत होतो. खालांनी एकाएकी मान वर केली.

"मास्तर, चूल सोडा. आत जा."

"का? उकळी यायचीय अजून."

"आत जा म्हणते."

मी हात न धुताच आत गेलो. आतल्या खोलीतल्या श्वासाचा आवाज बदललेला त्यांनी त्या उकळण्यातून ऐकला होता. सासूबाईंना जवळ बसूनही कळला नव्हता. पाच-सात मिनिटांत सगळं संपलं. माझ्या बोटांना लागलेली चिंच तिच्या कपाळाला लागली होती, ती मी नंतर पुसली.

अंघोळ घालायला गल्लीतली एकही बाई आली नाही. रोगाची भीती. सासूबाईंनी एकटीनं घातली. खाला दाराबाहेर पाठ करून उभ्या होत्या. आतून तांब्याचा आवाज आला तशा म्हणाल्या, "पाणी कोमट करून घ्या, बाई. गार पाण्यानं ती कापायची." सासूबाई थांबल्या. मग मला हाक मारून म्हणाल्या, "थोडं ऊन पाणी द्या."

दिवस झाल्यावर सासूबाई परत निघाल्या. कुसुमचं लग्नातलं हिरवं लुगडं ट्रंकेत घडी घालून पडून होतं, एकदाच नेसलेलं. जाताना ते त्यांनी खालांच्या उंबऱ्यावर ठेवलं.

मी चूल पेटवायचं सोडून दिलं. चुरमुरे, दूध, काहीतरी. खालांनी माझं सांत्वन केलं नाही, जेवायचा आग्रहही केला नाही. मी बदली मागितली, ती उन्हाळ्याच्या सुट्टीला शाळा सुटता सुटता मिळाली. सामान बांधत होतो तेव्हा त्या दाराशी आल्या. भाचीच्या हातात ते हिरवं लुगडं होतं.

"जायच्या आधी एक काम करा. तेरखेड्याला जा. एवढं लेकीला द्या."

मला वाटलं त्या चुकून बोलल्या. "लेक तर गेली, असं तुम्ही कुसुमला म्हणाला होता."

"गेली म्हणले. मेली म्हणले न्हाय."

त्या उंबऱ्यावर बसल्या. आवाज रोजच्यासारखा होता. "डोळे गेले तिचे. दवाखान्यातनं सुटल्यावर म्या गावाकडं गेलेच न्हाय. भावानं हितं आणलं, हितंच राहिले. चुलत्याकडं हाय ती."

"इतकी वर्षं भेटला नाहीत?"

"कशाला भेटू, मास्तर? तिला मी दिसनार न्हाय, आन मला तिला कुरवाळता येनार न्हाय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेलो. घर विचारत विचारत सापडलं. छपरात चुलीपुढं एक तिशीतली बाई भाकरी थापत होती. चेहऱ्याची एक बाजू ओढलेली, पापण्या चिकटलेल्या. मी कोण ते सांगितलं, कुणी पाठवलं तेही सांगितलं आणि लुगडं तिच्यापुढं ठेवलं. तिचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, मग हात पुसून लुगड्यावरनं बोटं फिरवली.

"कुनाचं हाय हे?"

"माझ्या बायकोचं. ती वारली."

तिनं ते मांडीवर ठेवलं. भाकरी उलटली. मग म्हणाली, "माझ्या डोळ्यावर पट्ट्या व्हत्या. म्या पायांचा आवाज ऐकत बसायचे. आईचं चालनं मला वळखू यायचं. सहा महिने ऐकत व्हते."

मी तिथंच खाली बसलो.

"तिला सांगा, येऊ नको," ती म्हणाली. "आन तुमी जेवून जावा. उपाशी जाऊ नका."

मी जेवलो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं कालवण. तिनं वाढलं. निखारे मागं ओढले, तवा उतरवला, सगळं न चाचपडता. निघताना लुगडं तिच्या मांडीवर तसंच होतं.

दुपारी परत आलो तर खाला उंबऱ्यावर वाट पाहत होत्या. सकाळपासून तिथंच होत्या, असं भाची म्हणाली.

"घेतलं का?"

"घेतलं."

"काय म्हणाली?"

वाटेत गाडीत मी चार वेगवेगळी उत्तरं तयार केली होती. त्यांच्यासमोर एकही आलं नाही. "येऊ नको म्हणाली."

त्यांनी मान हलवली. अपेक्षित असल्यासारखी.

"सैपाक कोण करतं तिचा?"

"तीच करते. मी जेवलो तिथं. भाकरी तिनंच केली माझ्यासमोर."

"चुलीवर? डोळे नसताना?"

"हो."

त्या माझ्याकडे सरकल्या. "हात बघितले का तुमी तिचे? नीट बघितले?"

"बघितले."

"भाजल्याच्या खुना हायत? चटके बसलेले, जुने, नवे?"

मी आठवून पाहिलं. भाकरी थापताना ते हात माझ्यापासून वीतभर अंतरावर होते.

"नाहीत," मी म्हणालो.

"एक पन न्हाय?"

"एकही नाही."

"म्हंजे आवाजावरनं शिकली. माझ्याबिगर," म्हणत खाला उठल्या. पायानं दार ढकलून आत गेल्या आणि दार लागलं. सकाळी निघताना मी दार वाजवलं, तर भाची बाहेर आली आणि म्हणाली, खाला कालपासून भिंतीकडं तोंड करून बसल्यात, कुणाशी बोलत नाहीत, तुम्ही जा, तुमची गाडी चुकेल.